लेखकच गटात बसलेला असेल तेव्हा: एका विज्ञानकथा चाहतागटाची नियमावली कशी घडली

चाहत्यांच्या गटाला नियम लागतात ते भांडणे आवरायला, असे आपण धरून चालतो. इथे मांडलेल्या प्रकरणात भांडणे होतीच, पण सर्वांत कडक नियम करावा लागला तो एका सज्जन, उत्साही चाहत्याच्या निरुपद्रवी पोस्टमुळे. मालिका आणि तिचा लेखक सर्वज्ञात असल्याने त्यांची नावे दिली आहेत. चाहते आणि नियमनाचे काम करणारे स्वयंसेवक यांची नावे मुद्दाम वगळली आहेत.

पार्श्वभूमी

‘बॅबिलॉन ५’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेचा पायलट, म्हणजे चाचणीचा पहिला भाग, फेब्रुवारी १९९३ मध्ये दाखवला गेला. पुढे जानेवारी १९९४ ते नोव्हेंबर १९९८ या काळात तिचे पाच हंगाम झाले. त्या वेळच्या बहुतेक मालिकांत गोष्ट एका भागात सुरू होऊन त्याच भागात संपे. ही मालिका मात्र पाच वर्षांची एकच कादंबरी असावी तशी आधीपासून आखलेली होती. निर्माते-लेखक जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांनी ११० पैकी ९२ भाग स्वतः लिहिले. पहिल्या हंगामात सहज येऊन गेलेल्या वाक्याचा अर्थ तिसऱ्या हंगामात उलगडायचा. दोन भागांच्या मधल्या आठवड्यात प्रेक्षकांना तर्क लढवायला भरपूर खाद्य मिळायचे आणि ते लढवायची जागा होती इंटरनेट.

स्ट्रॅझिन्स्की मालिका पडद्यावर येण्याआधीपासून, म्हणजे १९९१ पासून, या चर्चांत होते. जीनी आणि कॉम्प्युसर्व्ह या डायल-अप सेवांवर ते लिहीत आणि यूजनेट या चर्चागटांच्या जगभरच्या जाळ्यावरही लिहीत. यूजनेटवरच्या गटाचे नाव होते ‘रेक.आर्ट्स.एसएफ.टीव्ही.बॅबिलॉन५’. कुणी विषयाच्या ओळीत ‘अटेन्शन जेएमएस’ (जेएमएस ही लेखकाच्या नावाची आद्याक्षरे) असे लिहून प्रश्न टाकला, की त्याला थेट लेखकाकडून उत्तर येण्याची शक्यता असे. पात्र असे का वागले, अमुक प्रसंग तसाच का ठेवला, यावर चालू मालिकेचा कर्ता स्वतः बोलतो आहे, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. गटाचे आकर्षण तेच होते आणि पेचही त्यातूनच पडला.

यूजनेटची रचना थोडी समजून घ्यावी लागेल, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्याशी बांधलेले आहेत. यूजनेटला एक मालक नव्हता, एक सर्व्हरही नव्हता. प्रत्येक विद्यापीठ, कंपनी किंवा इंटरनेट सेवा देणारी संस्था स्वतःच्या सर्व्हरवर गटांची प्रत ठेवी आणि शेजारच्या सर्व्हरला नव्या पोस्ट पुरवी. एकदा सुटलेली पोस्ट जगभर पसरे. ती मागे घेण्यासाठी ‘कॅन्सल’ नावाचा संदेश होता, पण तो खोटा बनवणे सोपे असल्यामुळे अनेक सर्व्हर त्याला दादच देत नसत. म्हणजे ‘आधी येऊ दे, वाईट असेल तर काढून टाकू’ ही आजच्या अॅडमिनची नेहमीची पद्धत तिथे मुळातच लंगडी होती.

पेच कुठे पडला

पहिल्या हंगामातच मालिकेने एक शिक्षा दाखवली होती. खुन्याला देहदंड न देता त्याची स्मृती आणि व्यक्तिमत्त्व पुसून टाकायचे आणि नवी ओळख देऊन समाजाच्या सेवेला लावायचे. विचार करणाऱ्या कुठल्याही प्रेक्षकाला पुढचा प्रश्न सुचणारच: अशा माणसाला आपण पूर्वी कोण होतो हे कळले तर?

एका चाहत्याला तो सुचला आणि त्याने तो ऑनलाइन मांडला. नेमकी हीच गोष्ट स्ट्रॅझिन्स्की यांच्या डोक्यात होती. पोस्ट त्यांच्या नजरेखालून गेली आणि त्यांना ती कथा बाजूला ठेवावी लागली. पुढे त्या चाहत्याने नोटरीसमोर लेखी निवेदन करून दिले, तेव्हा कुठे ती मोकळी झाली. ‘पासिंग थ्रू गेथसेमनी’ या नावाने हा भाग अमेरिकेत २७ नोव्हेंबर १९९५ रोजी, तिसऱ्या हंगामात दाखवला गेला. भूतकाळ पुसला गेलेला एक साधू, ज्याला आपण खुनी होतो हे हळूहळू उमगत जाते, त्याची ती गोष्ट आहे.

चाहत्याचा काही दोष होता का? अजिबात नाही. त्याने चोरी केली नाही, पैसे मागितले नाहीत, कुणाला दुखावले नाही. लेखकाचाही दोष नव्हता. बंदिस्त, तर्कशुद्ध कथाविश्वात एकाच बीजातून दोघांना एकच अंकुर दिसणे अटळ असते. जितके चाहते हुशार तितकी ही टक्कर वारंवार होणार. ही गोष्ट नियम करणाऱ्यांनी नीट ओळखली पाहिजे, कारण इथे ‘वाईट सदस्य’ शोधून चालत नाही.

मग एवढी भीती कशाची? कॉपीराइट कायदा नुसत्या कल्पनेला संरक्षण देत नाही, हे खरेच आहे. पण हॉलिवूड ज्या राज्यात आहे त्या कॅलिफोर्नियात दुसरी वाट उघडी होती. १९५६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका दाव्यात तत्त्व मांडले, की मोबदल्याच्या अपेक्षेने कल्पना सांगितली गेली आणि समोरच्याने ते जाणून ती स्वीकारून वापरली, तर लेखी करार नसतानाही गर्भित करार मानता येऊ शकतो. त्या दाव्यातल्या माणसाने आपली गोष्ट निर्मात्याच्या सेक्रेटरीला फोनवरून सांगितली होती. म्हणून स्टुडिओ न मागवलेली हस्तलिखिते पाकीट न फोडता परत पाठवतात. ‘आम्ही वाचलेच नाही’ हा सर्वांत भक्कम बचाव असतो. गटात बसलेल्या लेखकाला तो बचावच उरत नाही. त्याने पाकीट रोज स्वतःच्या हाताने फोडलेले असते.

दावा टिकेल की नाही हा पुढचा भाग झाला. आठवड्याला एक भाग द्यायचा असलेल्या निर्मितीला दाव्याची नुसती शक्यताही परवडत नाही.

याच सुमारास आणखी दोन गोष्टी साठत गेल्या. १९९३-९४ मध्ये अमेरिका ऑनलाइनसारख्या व्यावसायिक सेवांनी आपल्या ग्राहकांना यूजनेटचे दार उघडून दिले आणि गर्दी वाढली. मूठभर लोक लेखकावर व्यक्तिगत हल्ले करत राहिले, इतके की स्ट्रॅझिन्स्की यांनी खुल्या गटातून अंग काढून घेतले. दुसरी गोष्ट स्पॉयलरची, म्हणजे भाग न पाहिलेल्यांसमोर त्यातले रहस्य फुटण्याची. दुसऱ्या हंगामाचे शेवटचे काही भाग ब्रिटनमध्ये चॅनल ४ वर आधी दाखवले गेले आणि अमेरिकेत ते नंतर आले. त्यामुळे ‘अमेरिकेत दाखवून झाले म्हणजे बोलायला मोकळे’ हा गृहीत धरलेला संकेतच कोसळला.

समोर असलेले पर्याय

सर्वांत सोपा पर्याय म्हणजे लेखकाने गट सोडणे. कायदेशीर धोका पूर्ण मिटतो. पण मग गटाचे वेगळेपणच संपते.

दुसरा पर्याय शिष्टाचाराचा. ‘कृपया कथाकल्पना टाकू नका’ अशी सूचना वरचेवर टाकायची आणि नवख्यांना समजावत राहायचे. स्ट्रॅझिन्स्की स्वतः ही विनंती वारंवार करत. लहान गटात याने भागते. वाढत्या गटात रोज कुणीतरी नवा असतो आणि त्याने सूचना वाचलेली नसते. या नियमाचा एकच भंग पुरेसा असतो, त्यामुळे शंभरातले नव्व्याण्णव पाळतात हे समाधान कामाचे नाही.

तिसरा, प्रत्येकाने आपापली ‘किलफाइल’ वापरायची. यात नकोशा नावांची यादी केली की त्यांच्या पोस्ट आपल्याला दिसत नाहीत. त्रास देणाऱ्यांवर हे चांगले औषध आहे. कथाकल्पनांवर ते शून्य, कारण कल्पना कोण टाकणार हे आधी माहीतच नसते.

चौथा, कुणा विश्वासू स्वयंसेवकाने गट वाचायचा आणि निवडक पोस्ट लेखकाला पाठवायच्या. कायद्याच्या दृष्टीने हा चांगला पर्याय. पण एका माणसावर सगळा भार, आणि गप्पांचा जिवंतपणा जातो. लेखकाला आपल्यापर्यंत काय पोहोचत नाही हे कळत नाही आणि सदस्यांना कोण अडवते आहे हे कळत नाही. संशयाला इथे चांगली जमीन मिळते.

पाचवा, जुन्याच गटाला नियमन लावणे, म्हणजे प्रत्येक पोस्ट आधी तपासून मगच प्रसिद्ध करणे. ऐकायला हे सरळ वाटते, पण तांत्रिकदृष्ट्या फसवे आहे. यूजनेटच्या प्रत्येक सर्व्हरवर गटांच्या यादीत ‘हा गट नियमित (म्हणजे नियमन असलेला) आहे’ अशी खूण असते. ती हजारो ठिकाणी बदलावी लागते. जो सर्व्हर बदलत नाही तिथून पोस्ट थेट आत झिरपत राहतात. शिवाय ज्यांना मोकळीक हवी आहे त्यांच्या पायाखालची जमीन काढून घेतल्यासारखे होते.

सहावा, जुना गट जसा आहे तसा ठेवून शेजारी नवा नियमित गट उभा करणे. शेवटी हाच निवडला गेला. नव्या गटाच्या नावामागे नुसते ‘.मॉडरेटेड’ जोडले गेले.

निर्णयाची अंमलबजावणी

‘रेक’ या यूजनेटच्या छंद-करमणुकीच्या शाखेत नवा गट कुणाच्या मर्जीने निघत नसे. आधी चर्चेसाठी जाहीर प्रस्ताव टाकायचा आणि त्यावर किमान २१ दिवस चर्चा होऊ द्यायची. मग तटस्थ स्वयंसेवकाकडून ईमेलने मतदान घ्यायचे. त्या काळच्या रीतीने ‘हो’ची मते ‘नाही’पेक्षा किमान १०० ने जास्त आणि एकूण मतांच्या दोन-तृतीयांश लागत. प्रस्तावातच सनद द्यावी लागे: गटात काय चालेल, काय नाही, नियमन कोण करणार. आजच्या अॅडमिनला ही पद्धत कंटाळवाणी वाटेल. पण नियम लागू होण्यापूर्वी त्यांच्यावर उघड वाद झाला आणि मते मोजली गेली, याचा फायदा पुढे ‘तुम्हाला अधिकार कुणी दिला’ हा प्रश्न आला तेव्हा होतो. आमच्या मते या प्रकरणातली उचलण्यासारखी पहिली गोष्ट हीच.

नियमित गटाचे यंत्र असे चाले. सदस्य नेहमीसारखी पोस्ट लिही. त्याचा सर्व्हर ती प्रसिद्ध न करता नियमनाच्या ईमेल पत्त्यावर पाठवी. तिथे ती तपासली जाई. मान्य झाली तर तिच्या हेडरमध्ये, म्हणजे मजकुराच्या वरच्या माहितीच्या ओळींत, ‘अप्रूव्हड’ ही ओळ घालून ती यूजनेटवर सोडली जाई. अडचण अशी, की ही ओळ कुणालाही हाताने घालता येते. त्यामुळे नियमित गट मंजुरीवर पीजीपी या संकेतलेखनाच्या प्रोग्रॅमने केलेली, नक्कल न करता येणारी सही घालत आणि सही नसलेल्या पोस्ट शोधून रद्द करणारे प्रोग्रॅम चालवत. दुसरी अडचण एकाच वेळी दोन गटांत टाकलेल्या पोस्टची. खुल्या आणि नियमित अशा दोन्ही गटांना उद्देशून पोस्ट लिहिली, की ती आधी नियमनाकडे जाई आणि मंजूर होईपर्यंत खुल्या गटातही दिसत नसे. नवख्याला वाटे, आपली पोस्ट हरवली. म्हणून अशा गटांत दुहेरी पोस्टवर बंदी घालणे शहाणपणाचे ठरते.

सगळ्या पोस्ट माणसांनी वाचायच्या म्हटल्या तर स्वयंसेवक लवकर थकतात आणि रात्री टाकलेली पोस्ट सकाळी दिसते. भाग नुकताच दाखवला गेलेला असतो तेव्हा हा उशीर फार जाचतो. म्हणून अशा गटांत काम प्रोग्रॅम आणि माणसे मिळून करतात. ओळखीच्या, नियम पाळणाऱ्या सदस्याची पोस्ट आपोआप पुढे जाते. नवा सदस्य, संशयास्पद शब्द किंवा आधी तंबी मिळालेला पत्ता असेल तर ती माणसाच्या रांगेत थांबते. इथे एक छिद्र राहते हे मान्य करायला हवे: ओळखीच्या सदस्यालाही एखाद्या दिवशी झकास कल्पना सुचते. त्यावर उपाय एकच. आपोआप मंजुरी ही त्या नियमाची नीट जाण असल्याची पावती मानायची आणि एकदा चूक झाली की काही काळ त्याला पुन्हा रांगेत आणायचे.

कल्पना कुणाला म्हणायचे?

खरी कसोटी इथे होती. विज्ञानकथेच्या गटात तर्क करू नका म्हणणे म्हणजे गटच बंद करणे. त्यामुळे रेघ तर्क आणि कथानक यांच्या मध्ये ओढावी लागते. ती कशी ओढायची हे समजण्यासाठी आम्ही काही नमुने बेतले आहेत.

‘मागच्या भागात राजदूत खोटे का बोलला?’ हा प्रश्न आहे. जाऊ द्यावा.

‘तो खोटे बोलला कारण त्याला युद्ध टाळायचे नाही, दुसऱ्या प्रसंगात त्याने पत्र लपवले ते आठवा.’ हा दाखवलेल्या गोष्टीचा अर्थ आहे. हाही जाऊ द्यावा, किंबहुना गट चालतो तो अशाच पोस्टवर.

‘पुढे त्याचाच मुलगा साक्षीला उभा राहिला आणि ते पत्र कोर्टात वाचले गेले तर?’ इथे न दाखवलेला प्रसंग, पात्र आणि परिणाम एकत्र आले. ही कथाकल्पना. थांबवावी.

‘हा भाग रटाळ होता, संवाद पोकळ होते, शेवट घाईत गुंडाळला.’ लेखकाला बोचेल, पण हा अभिप्राय आहे. याला हात लावायचा नाही.

‘हे लिहिणारा मूर्ख आहे.’ थांबवावी.

‘शेवट फसला. त्याऐवजी राजदूताने जहाज उडवून दिले असते आणि मुलगा वाचला असता तर भाग जमला असता.’ सर्वांत अवघड हा नमुना. टीकेच्या पोटात कथानक दडले आहे. सरसकट नाकारली तर सदस्याला वाटते टीका दाबली. सोडली तर नियम मोडतो. अशी पोस्ट परत पाठवावी आणि नेमके सांगावे: पहिले वाक्य ठेवा, दुसरे काढा, की लगेच मंजूर करतो.

कसोटी एका वाक्यात सांगायची तर: पडद्यावर आलेल्या गोष्टीबद्दल काहीही बोला, न आलेला प्रसंग रचू नका. ‘कल्पना टाकू नका’ या शब्दांपेक्षा हे वाक्य चांगले, कारण ‘कल्पना’ म्हणजे काय यावर वाद घालता येतो, ‘पडद्यावर आले का’ यावर नाही. चाहत्यांनी लिहिलेल्या कथांना याच कारणाने लेखक असलेल्या गटात जागा नसते. त्यांच्यासाठी वेगळी जागा सांगावी, नुसते ‘नाही’ म्हणून पाठवू नये.

टीका आणि हल्ला यांतला फरक नियमात लिहून ठेवणे इथे फार महत्त्वाचे. लेखक परत यावा म्हणून गट काढला आहे, असे म्हटले की दुसऱ्या क्षणी आरोप येतो: हा भाटांचा गट आहे. त्याला उत्तर भाषणाने देता येत नाही. मंजूर झालेल्या कडक टीकेच्या पोस्टच ते उत्तर असतात.

स्पॉयलरबाबत तुलनेने सोपे होते, कारण यूजनेटवर रीत रुळलेली होती. विषयाच्या ओळीत भागाचे नाव आणि ‘स्पॉयलर’ हा शब्द. मजकुराच्या सुरुवातीला वीस-पंचवीस कोऱ्या ओळी, कारण तेव्हाच्या टर्मिनलचा पडदा २४ ओळींचा. पोस्ट उघडली तरी पहिल्या पडद्यावर काही दिसत नसे. अधिक काळजी घ्यायची तर रोट-१३, म्हणजे प्रत्येक रोमन अक्षर तेरा घरे पुढे सरकवून लिहायचे.

फलित

स्ट्रॅझिन्स्की नियमित गटात परतले आणि मालिका संपल्यावरही तिथे लिहीत राहिले. खुला गट बंद झाला नाही, तो शेजारी चालू राहिला. ज्याला कुठलीही चाळणी नको होती त्याला जागा होती, ज्याला लेखकाशी बोलायचे होते त्याला चाळणीतून जावे लागे. दोन्ही दारे उघडी असल्यामुळे ‘गळचेपी’ या शब्दातली हवा बरीच निघून गेली. जुन्याच गटावर नियमन लादले असते तर हे साधले नसते, असे आमचे ठाम मत आहे.

किंमतही होती. थांबलेल्या पोस्ट, स्वयंसेवकांचे तास आणि आपली निरागस पोस्ट परत आल्याने दुखावलेले नवे सदस्य. त्यांचे दुखावणे खरे होते आणि नाकारणीच्या पत्रात त्याची दखल असायला हवी.

काय वेगळे करता आले असते

पहिली गोष्ट वेळेची. चालू मालिकेचा लेखक गटात आला त्याच दिवशी हा नियम आणि त्याची चाळणी हवी होती. इथे आधी विनंती झाली, मग टक्कर, मग छळ आणि शेवटी नियमन. पहिल्या टक्करीनंतर थांबण्याचे काही कारण नव्हते.

दुसरी, एका गटावर तीन वेगळ्या दुखण्यांचे ओझे. कथाकल्पनांना आधीची चाळणी लागते, कारण वाचले की नुकसान झालेच. व्यक्तिगत हल्ल्यांना नंतरची कारवाईही पुरते. स्पॉयलरला खूण पुरते, मनाईची गरजच नाही. आज नियम लिहिताना हे तीन वेगळे ठेवावेत आणि प्रत्येकासमोर लिहावे: कधी अडवणार, कोण अडवणार, दाद कुणाकडे मागायची.

मराठीत हाच प्रश्न आता वेगळ्या रूपात येतो. कथाकार आणि मालिकालेखक वाचकांच्या व्हॉट्सअॅप गटांत असतात. भारतात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने एक नाटक आणि एक चित्रपट यांच्या वादात स्पष्ट केले, की कल्पनेवर कॉपीराइट नाही, तिच्या मांडणीवर आहे. पण २००३ साली मुंबई उच्च न्यायालयाने, विश्वासाने सांगितलेली मालिकेची संकल्पना वाहिनीने वापरल्याच्या वादात, संकल्पना सांगणाऱ्या निर्मितीसंस्थेला संरक्षण दिले. आधार होता गोपनीयतेचा भंग. यावरून आमचे अनुमान असे, की उघड गटात टाकलेल्या ओळीपेक्षा लेखकाला खासगीत पाठवलेला ‘सर, फक्त तुम्हालाच सांगतोय’ हा संदेश अधिक नाजूक. म्हणजे आपल्याकडे नियमावली गटापुरती लिहून भागत नाही.

साधनांच्या मर्यादाही बघाव्यात. व्हॉट्सअॅप गटात अॅडमिन आलेला संदेश सर्वांसाठी पुसू शकतो, पण येण्याआधी थांबवून तपासू शकत नाही. कथाकल्पनेसाठी पुसणे निरुपयोगी आहे. फेसबुक गटात पोस्ट मंजुरीची सोय आहे. व्हॉट्सअॅपवरच राहायचे असेल तर दोन गट करावेत. चर्चेच्या गटात लेखक नसेल. दुसऱ्यात लेखक असेल आणि फक्त अॅडमिन लिहू शकतील. सदस्यांनी प्रश्न फॉर्मवर द्यावेत, दोघांनी वाचावेत आणि आठवड्यातून एकदा दहा-बारा निवडून टाकावेत. आपली कल्पना मोलाची वाटणाऱ्याला मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये ती नोंदवण्याचा मार्ग सांगावा. गटात टाकून ती सुरक्षित होत नाही.

शब्दांवर चालणारी चाळणी मराठीत लावताना एक खाचखळगा हमखास लागतो. ‘तर’ असलेले वाक्य थांबवू म्हटले आणि पायथॉन या संगणकभाषेच्या नेहमीच्या शोधसाधनात शब्दसीमेची खूण वापरली, तर ती देवनागरीतले हलन्त (पाय मोडण्याची खूण) आणि काना-मात्रा अक्षर म्हणून धरत नाही. ‘उत्तर’ हा शब्द हलन्तापाशी तुटतो आणि मागे ‘तर’ सुटा सापडतो. ‘तरी’ आणि ‘तरुण’ यांचेही तेच. रांगेत बिनकामाच्या पोस्ट साठतात आणि दोन दिवसांत स्वयंसेवक चाळणीच बंद करतात. वाक्य आधी मोकळ्या जागा आणि विरामचिन्हांवर तोडून मग पूर्ण शब्द जुळवावा. ‘समजा’, ‘असं झालं तर’, ‘असं दाखवा’ अशा जोड्या शोधाव्यात आणि रोमन लिपीतली मराठीही धरावी. तरीही हे फक्त रांगेत उभे करण्यापुरते. नाकारणे माणसानेच करावे. रोट-१३ तर देवनागरीत चालतच नाही, तिथे विषयाच्या ओळीतली खूण आणि कोऱ्या ओळी हाच मार्ग.

शेवटचे काम नोंदवहीचे. या प्रकरणात अडकलेला भाग सोडवायला चाहत्याचे नोटरीसमोरचे निवेदन लागले. तो भला होता आणि सापडला. दरवेळी तसे होईलच असे नाही. म्हणून थांबवलेल्या प्रत्येक कथाकल्पनेसाठी चार रकाने भरावेत: संदेश कधी आला, कुणी वाचला, लेखकाच्या नजरेस पडला का, आणि सदस्याला काय कळवले. लेखकानेही पुढच्या भागांचे टिपण तारखेसह ईमेलने दुसऱ्या कुणाकडे आधीच पाठवून ठेवावे. सदस्याला कळवताना एवढेच लिहावे: ‘तुमच्या पोस्टमध्ये पडद्यावर न आलेला प्रसंग आहे, म्हणून ती लेखकापर्यंत पोहोचू दिलेली नाही. तुमची काही चूक नाही. तेवढा भाग वगळून पुन्हा पाठवा, आज रात्रीच टाकतो.’